तळघर भाग दोन, ऑफिस कॉपी

...बारा मिनिटं! अहो बारा मिनिटांत उरकला हो त्यानं! तीस वर्षं, आठ भाग, जगभरची कोट्यवधी माणसं रात्रंदिवस ज्याच्यापायी डोळे फोडून बसली, तो खेळ... आणि हा दाढीवाला गडी स्क्रीनवर येतो काय, हातवारे करतो काय, आणि 'तर मित्रांनो, हा होता तळघरचा इतिहास' म्हणून मोकळा होतो काय! वर म्हणतो, आवडलं तर अंगठा दाबा. अंगठा कशाला, गळा दाबतो की! माझी पुतणी शेजारी बसलेली, ती म्हणते, "काका, छान सांगितलं ना?" छान? भाग दोनवर किती बोलला तो, ऐकलंस? एक वाक्य! 'दुसऱ्या भागात माउस आला आणि चार जणांना एकत्र खेळता येऊ लागलं.' झालं! आमच्या ऑफिसची अडीच वर्षं त्या एका वाक्यात गेली, आणि त्यात माझं नाव नाही, साहेबांचं नाही, आणि... जाऊ दे. त्यांचं तर नाहीच.

तुम्हाला सांगतो, तळघर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव इंग्रजीत, एवढं लांबलचक, आमच्या ऑफिसात कुणाच्या जिभेवर बसेना. खेळ सुरू होतो तळघरात, म्हणून तळघर. तुम्ही खेळला नसाल तर सांगतो, बंदुकीचा खेळ, पण बघायचं सगळं खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून. समोर बोळ, बोळाच्या टोकाला दार, दारामागं कोण असेल देव जाणे, आणि खाली मधोमध बंदूक धरलेला तुमचा हात. बस! तुम्ही उंच की बुटके, भांग सरळ की वाकडा, चेहऱ्यावर काय भाव आहेत, काही कळायची सोय नाही. बाकीच्यांना तुम्ही दिसता, तुम्हाला बाकीचे दिसतात, पण आपण आपल्याला दिसत नाही हो... नुसता हात दिसतो!

तर भाग एक. सहा फ्लॉप्यांवर आला आमच्याकडे. पाच चालायच्या, सहावी रुसायची. कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा त्या मेकॅनिकनं आणला, म्हणाला, "मशीन नीट चालतंय का बघायला टाकलाय." बघा बरं का, मशीन बघायला! आमचं ऑफिस नकाशांचं. मी ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढायचे, भिंत नऊ इंची, दार तीन फुटी, खिडकी अमुक, जिना तमुक. आयुष्यभर मी भिंती वरून बघितल्या होत्या हो, कागदावर, आणि हा खेळ मला उचलून त्या भिंतींच्या मध्ये उभा करतो! मी पहिल्या दिवशी एकही शत्रू मारला नाही. मी बोळ मोजत होतो. बोळ मोजता मोजता मला सात वेळा मारलं.

आणि त्या पहिल्या भागात माउस नाही, बरं का. सगळं कीबोर्डवर. मग जिंकणार कोण? टायपिस्ट बाई! दुसरं कोण जिंकणार? आम्ही एकेक बटण शोधतोय, खाली मान, वर मान, तोवर खेळ खलास... आणि बाई स्क्रीनवरची नजर न काढता टकटक टकटक टकटक, जसं काही साहेबांचं पत्र टाइप करतायत. साहेब मागं उभे राहून म्हणायचे, "बाई, जरा हळू, मला त्याचा चेहरा तरी बघू द्या!" बाई म्हणायच्या, "चेहरा बघत बसलं तर तो मारतो, साहेब." आणि मान जराशी तिरकी करून हसायच्या. हे त्या दाढीवाल्यानं सांगितलं? पहिल्या भागाची जगातली पहिली चॅंपियन आमच्या टायपिंगच्या खोलीत बसायची, हे आहे त्याच्या इतिहासात?

आणि परिणाम म्हणाल तर... तो सांगतो, 'या खेळाचा चित्रपटांवर परिणाम झाला, अमक्यावर झाला, तमक्यावर झाला.' अरे बाबा, आमच्यावर काय झाला ते विचार! साहेब बोळातून वळताना आधी अर्धं डोकं काढून बघायला लागले. आमचे शिपाईमामा, साठीला टेकलेले, ते चहाचा ट्रे घेऊन भिंतीला पाठ लावून चालायला लागले. आणि मी? मी नकाशात दार काढलं की आधी विचार करायचो, इथं कोपऱ्यात कोण लपू शकेल? एका शाळेच्या नकाशातून मी तीन कोपरे काढून टाकले होते हो! मुख्याध्यापक खूश, म्हणे झाडायला सोपं झालं.

मग आला भाग दोन. हां... भाग दोन. चार मशीनं तारेनं जोडायची, चौघांनी एकाच तळघरात उतरायचं आणि एकमेकांना मारायचं. साहेब, मी, मामा आणि बाई. जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन. आम्ही दहा मिनिटांत घास गिळायचो, आणि मग पस्तीस मिनिटं आवाज पूर्ण बंद करून खेळ. आवाज बंद का? तर वरच्या मजल्यावर साहेबांचे साहेब! त्यामुळं आमच्या लढाया सगळ्या मुक्या. चार माणसं दातओठ खात बसलेली, आणि ऑफिसात चिडीचूप. वरच्या साहेबांनी एकदा खाली येऊन आमच्या साहेबांची पाठ थोपटली होती, म्हणे तुमची माणसं सुट्टीतसुद्धा काम करतात.

मामांचं काय सांगू तुम्हाला? मामांनी अडीच वर्षांत एक माणूस मारला नाही. ते बंदूक घेऊन नुसते फिरायचे, दारं बंद करत. "उघडी राहिलीत सगळी," म्हणायचे, "कुणाला काळजी म्हणून नाही." आपण मारलं तरी रागवायचे नाहीत, परत उठायचे, परत दारं लावायला निघायचे.

आणि या भागात माउस आला, आणि बाई मागं पडल्या. माउस म्हणजे माझं हत्यार हो, तोवर आमचे नकाशे कॉम्प्युटरवर आले होते, दिवसभर तेच धरून बसायचो मी. बाईंचा माउस भलतीकडेच पळायचा. त्या छताला गोळ्या मारायच्या. आणि मी... मला नाव पडलं एकगोळी! कारण साहेब दारातून आले की मी एक गोळी मारायचो, एकच, आणि साहेब आडवे. साहेब कपाळाला हात लावायचे, "अरे, मी तुला पाच पाच मारतो तरी तू उभा, आणि मी एकीत कसा जातो रे?" मी म्हणायचो, "साहेब, नेम असतो एकेकाचा." कॉलर ताठ! तुम्हाला सांगतो, त्या काळात मी रस्त्यानंसुद्धा जरा निराळा चालत असणार. असणार म्हणतो, कारण मला काय ठाऊक? आपण आपल्याला दिसत नाही हो, नुसता हात दिसतो!

आता खरी गोष्ट. भाग दोनबरोबर त्यांनी एक सोय दिली होती, आपलं तळघर आपण बांधायची. ड्राफ्ट्समनच्या हातात अशी सोय दिल्यावर तो काय करेल? मी आमचं ऑफिसच बांधलं! तीन रविवार टेप घेऊन ऑफिसात गेलो. साहेबांची केबिन, बोळ, टायपिंगची खोली, नकाशांचा हॉल, पाण्याचं पिंप, सगळं इंचाइंचानं जसंच्या तसं. सोमवारी चौघं आत उतरलो तर साहेबांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "अरे, माझी खुर्ची पण काढलीस?"

फक्त एक भानगड झाली. टायपिंगच्या खोलीतून नकाशांच्या हॉलमध्ये यायला एक दार होतं, अरुंद, सव्वादोन फुटी. खऱ्या ऑफिसात माणूस जरा अंग चोरून जायचा. पण खेळातला शिपाईगडी पडला पैलवान, खांदे अडीच फूट! तो काही त्या दारातून जाईना. बाई बिचाऱ्या त्यांच्या खोलीतून निघाल्या की दारात अडकायच्या. म्हणाल्या, "अहो, ते दार जरा मोठं करा ना." मी म्हटलं, "छे! दार आहे तेवढंच दाखवणार. नकाशात लबाडी चालत नाही." आठवड्यानं परत, "अहो, सहा इंच वाढवलं तर कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "मला कळेल ना!" तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या त्या खऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकटीवर हात ठेवून. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बघा, सव्वादोनच आहे."

हसा, हसा! मला पण आता हसूच येतं.

पण त्या दारामुळं माझी चैन झाली होती, बरं का. हॉलमध्ये नकाशांच्या कपाटाला लागून मी ठाण मांडायचो. समोर मोठं दार, तिथूनच सगळे येणार. मागं ते सव्वादोन फुटी, तिथून कुणी येऊच शकत नाही, हिशेबच तसा. त्यामुळं मागं वळून बघायचं कारणच नाही. अडीच वर्षं, रोज पस्तीस मिनिटं, मी समोर बघत उभा!

आणि मग एक दिवस बाईंचं लग्न ठरलं. नोकरी सोडून दुसऱ्या गावी निघाल्या. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या, हातात पुठ्ठ्याचा खोका. आत बारा फ्लॉप्या, प्रत्येकीवर तारीख टाइप केलेली, आणि खाली 'ऑफिस कॉपी'. अहो, टायपिस्टची सवय! पूर्वी मशीनवर टाइप करताना कार्बन लावून प्रत ठेवायच्या, ती सवय जाते कुठं? खेळ जसाच्या तसा साठवून ठेवायचं एक बटण होतं, आम्हाला ठाऊकसुद्धा नव्हतं, बाई ते दाबून आपल्या खेळाची प्रत काढून ठेवायच्या. म्हणाल्या, "घ्या. सवडीनं बघा. घाई नाही." आणि मी म्हणालो, आता कान देऊन ऐका हं माझं वाक्य, मी म्हणालो, "त्यात बघायचं काय? सगळे डाव मीच तर जिंकलोय!"

बाई म्हणाल्या, "हो. तुम्हीच जिंकलात." आणि गेल्या.

मग काय, भाग तीन आला, इंटरनेट आलं. कुठल्या कुठल्या देशातली माणसं, नाव नाही, गाव नाही, मी तळघरात पाऊल टाकतो न टाकतो तोच खलास! एकगोळीला एका गोळीत मारतात हो लोक! मी म्हटलं, वय झालं... बत्तिसाव्या वर्षी! भाग चारला त्यांनी सैनिकांना कपाळावर घाम दिला. भाग पाचमध्ये तर कमाल, जखम झाली की भिंतीआड गप्प बसून राहायचं, आपोआप भरून येते. आमच्या वेळी औषधाची पेटी हुडकत वणवण फिरावं लागायचं! मी पण बसलो मग भिंतीआड. ऑफिस, घर, दादा-वहिनींच्या माडीवरची एक खोली, लग्नाचं राहूनच गेलं. बसलो गप्प, पण माझं काही भरून येईना. सहामध्ये टोप्या विकायला काढल्या, सातमध्ये शंभर माणसं आभाळातून उड्या टाकायला लागली. आणि मधल्यामध्ये माझं काम गेलं, तेही या खेळापायीच! हो! लोक म्हणायला लागले, नकाशा नको, आम्हाला घर स्क्रीनवर दाखवा, बांधायच्या आधी आतून फिरून बघायचंय. म्हणजे तळघरच की, फक्त बंदूक काढून ठेवलेली! हा परिणाम सांगितला त्या दाढीवाल्यानं? मी तीस वर्षं भिंती काढल्या, आणि शेवटी मला शिकवायला आल्या कोण, तर बावीस वर्षांच्या मॅडम. गिऱ्हाइकाला बोळातून फिरवताना त्यांच्या त्या स्क्रीनवर पण तेच... आपण आपल्याला दिसत नाही. आणि तिथं तर हातसुद्धा नाही!

तर मागच्या महिन्यात वहिनींनी माडी आवरायला काढली. जिन्यातून ओरडल्या, "भाओजी, हा पुठ्ठ्याचा खोका भंगारात देऊ का?" मी म्हटलं, "द्या." द्या म्हटलं मी! पण पुतणी आडवी आली. तिचा धंदाच हा, नवे खेळ खेळून त्यातल्या चुका काढायच्या, त्याचा पगार मिळतो तिला. ती म्हणाली, "काका, भाग दोनच्या साठवलेल्या प्रती? कुणाकडं नसतात या!" दोन दिवस खटपट करून तिनं कुठून तरी फ्लॉपी वाचायचं यंत्र आणलं, माझ्या ऑफिसचा नकाशा माझ्याकडं होताच, सगळं जुळवलं आणि भर दुपारी मला हाक मारली. वहिनी पण आल्या चहा घेऊन.

स्क्रीनवर आमचं ऑफिस! पाण्याचं पिंप, साहेबांची खुर्ची... ऑफिसची ती इमारत पाडून पण आता पंधरा वर्षं झाली हो. आणि हे सगळं दिसतंय बाईंच्या डोळ्यांतून. त्या त्यांच्या खोलीतून निघाल्या, चालत चालत त्या अरुंद दाराशी आल्या आणि अडकल्या. म्हटलं, झालं, आता पस्तीस मिनिटं असंच. तर दारातून पलीकडं हॉल दिसतोय, नकाशांचं कपाट दिसतंय आणि कपाटाजवळ एक लाल शर्टवाला ठोंब्या उभा, आमच्याकडं पाठ करून. ढिम्म! मी म्हटलं, "हा बावळट कोण?"

पुतणी म्हणाली, "काका, ते तुम्हीच आहात."

तुम्हाला सांगतो... असा दिसायचो मी. एवढी रुंद पाठ, आणि वर मान म्हणून नाही.

अहो, दारातून जाता येत नाही, पण बघता येतं ना! गोळी जाते ना! मी ड्राफ्ट्समन, माझ्यालेखी दार म्हणजे जायची-यायची वस्तू, त्यातून कुणी नुसतं बघत उभं राहील हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. बाईंची बंदूक माझ्या पाठीवर. एक सेकंद, दोन सेकंद, आता मारतील, आता मारतील... आणि बंदूक हळूच खाली. फरशीकडं. पुतणी चुळबुळायला लागली, "काका, ही मारत का नाहीये? एवढं सोपं आहे!" वहिनींनी कप खाली ठेवला. तेवढ्यात समोरच्या दारातून साहेब घुसले, मला दणादण मारायला लागले, तर बाईंची बंदूक उठली, छताकडं नव्हे हो, कीबोर्डवरूनच असणार, माझ्या खांद्यावरून धाड धाड धाड धाड, साहेब अर्धमेले... आणि मग त्या ठोंब्यानं सावकाश एक गोळी मारली. एक! साहेब आडवे.

आवाज बंद असायचा ना हो आमचा. मला कसं कळणार?

बारा फ्लॉप्या बघितल्या. बाराही तशाच. साहेब आले, बाईंनी लोळवले, मी टिळा लावला. मामा आले, बाईंनी मामांना नुसती वाट दिली, मामांना मारण्याचं पाप माझं मीच केलेलं. आणि मधला सगळा वेळ ती बंदूक फरशीकडं, आणि समोर ती पाठ. कधी कधी बाई दारात जरा डावीकडं सरकायच्या, जरा उजवीकडं, काही तरी खटपट... शेवटच्या फ्लॉपीवर तर साहेब आलेच नाहीत, त्यांना बैठक होती. पस्तीस मिनिटं नुसतं दार आणि पाठ. गोळ्यांचा आकडा खाली कोपऱ्यात दिसतो ना, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्रेचाळीस. एक गोळी उडाली नाही, आणि मी वळलो नाही. वळायला एक बटण होतं हो! एक बटण दाबलं की गडी गर्रकन मागं! सत्तावीस वर्षं तो खोका माझ्या पलंगाखाली पडलेला. मला इतकं रडायला आलं की वहिनी पुतणीला म्हणाल्या, "चल गं, चहा गार झाला, दुसरा टाकू," आणि खोलीतून घेऊन गेल्या तिला.

मग साहेबांना फोन लावला. साहेब आता अठ्ठ्याहत्तरचे, आवाज तोच. "अरे एकगोळी! नेम आहे का अजून?" मी म्हटलं, "नाही साहेब, तो कधीच नव्हता... बाईंचा नंबर आहे का?" साहेब म्हणाले, "फारच लवकर विचारलंस रे." आणि दिला.

चार दिवस नंबर खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी लावला. "कोण?" "मी... एकगोळी." बाई हसल्या. मान तिरकी करून हसल्या हो, फोनवर कळतं ते! मग काय, गुडघे झाले, डोळे झाले, त्यांच्या नातीचं बारसं झालं, मिस्टर बागेत गेलेत, आता येतील, हे झालं. मामा गेल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "दारं लावून गेले असतील सगळी." आणि मग मी छातीचा कोट करून म्हटलं, "बाई, खोका उघडला." "कधी?" "गेल्या आठवड्यात." "गेल्या आठवड्यात!" म्हणाल्या, "घाई नाही म्हटलं होतं मी, पण..." मी म्हटलं, "बाई, एकच विचारतो. तुम्ही मला मारत का नव्हता?"

मागं कुठं तरी नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"अहो," म्हणाल्या, "माझ्या गोळ्या संपलेल्या असायच्या."

"बाराही वेळा?"

"बाराही वेळा."

मी म्हटलं, "वाटलंच मला. त्या भागात गोळ्या फारच कमी द्यायचे." दुसरं काय म्हणणार, तुम्ही सांगा! बागेतनं मिस्टर येतायत, नातीचं बारसं झालंय... बाई म्हणाल्या, "हो ना, फारच कमी." मी फोन ठेवणार, एवढ्यात त्यांचा आवाज आला, अगदी हळू, "अहो, त्या प्रतींमध्ये... खाली कोपऱ्यात गोळ्यांचा आकडा असायचा, तो दिसतो का हो अजून?"

"छे हो!" म्हटलं, "जुन्या फ्लॉप्या त्या... खालची सगळी ओळ पुसली गेलीय."